यशोधराच्या आईचं आजारपण

मुंबईचं विमान उतरलं तेव्हा मी चिकलठाणा विमानतळावर सगळ्यांच्या पुढे उभा होतो. हातात पाटी होती. 'मिस्टर मोरिता, सुस्वागतम' असं तिच्यावर मी स्वतः ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. माझ्या मागे दोन पावलांवर आमच्या हॉटेलच्या रिसेप्शनवरची मुलगी, यशोधरा खंदारे, उभी होती. तिला मीच बरोबर आणलं होतं. भाषेची अडचण आली तर असावी हाताशी, एवढ्याच विचाराने.

मोरिता बाहेर आले. साठीला टेकलेले, बुटके, खांद्याला कापडी पिशवी. मी पाटी उंच केली, कमरेत वाकलो आणि कॅसेट ऐकून पाठ केलेलं जपानी वाक्य म्हटलं. तेही वाकले, 'थँक यू' म्हणाले. मग यशोधराने मागून काहीतरी म्हटलं. पाच-सहा शब्द असतील. मोरितांच्या चेहऱ्यावरची प्रवासाची मरगळ बघता बघता गेली. ते मला वळसा घालून तिच्यापाशी गेले आणि सामान येईपर्यंत दोघं बोलत राहिली. त्यांची बॅग मीच ओळखून उचलली.

ही सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. मी, श्रीनिवास पांगरकर, तेव्हा औरंगाबादच्या हॉटेल सातकर्णीचा सेल्स मॅनेजर होतो. हॉटेल अठ्ठावीस खोल्यांचं, मालक लोहाडे शेठ. वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्या परदेशी माणसाने आमच्याकडे उतरावं ही माझी नोकरी. पण तो माणूस आमच्याकडे थेट कधी येत नसे. जपानातल्या एखाद्या गावचा म्हातारा आपल्या गल्लीतल्या एजंटाच्या दुकानात जाऊन सहलीचं छापील पुस्तक चाळायचा. ते पुस्तक टोकियोतली एखादी मोठी कंपनी काढायची, आणि तसली शेकडो दुकानं तिच्या सहली विकायची. ती कंपनी मुंबईच्या एजंटाला कळवायची आणि मुंबईचा एजंट आम्हाला. या साखळीत आमचं हॉटेल सगळ्यात शेवटी. पुस्तकात नाव छापून आलं की वर्षभर खोल्या भरलेल्या; नाही आलं तर तुमचं हॉटेल कितीही चांगलं असो, जपानच्या लेखी ते नाहीच.

मुंबईतले आमचे एजंट म्हणजे दस्तूर. सहा वर्षं मी दर महिन्याला त्यांच्या फोर्टमधल्या ऑफिसात जाऊन बसत होतो. जाताना कधी हिमरूची शाल, कधी पैठणची सीताफळं. सहा वर्षांनी त्यांनी टोकियोच्या कंपनीचा हा माणूस माझ्याकडे धाडला होता. पुढच्या वर्षीच्या पुस्तकात औरंगाबादचं कुठलं हॉटेल घालायचं हे मोरिता ठरवणार होते. त्यांच्या यादीत आणखी दोन हॉटेलं होती.

आणि यशोधरा? ती आमच्याकडे येऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती. वय चोवीस. भीमनगरची. तिच्या वस्तीतल्या विहारात एक जपानी भिक्षुणी तीन वर्षं राहून गेली होती, तिच्याकडून ही जपानी शिकली. बोलायलाच नव्हे, लिहायला-वाचायलाही. नोकरीच्या अर्जात तिने हे एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ वाचून शेठजी खूश झाले होते आणि मीच तिला घ्यायची शिफारस केली होती. माझ्या मत्सराला जातीची किनार नव्हती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आज तितक्या खात्रीने सांगवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अजिंठ्याला निघालो. मी ड्रायव्हरशेजारी, मागे ती दोघं. अडीच तासांचा रस्ता. मी मान वळवून इंग्रजीत माहिती द्यायचो, मोरिता मान डोलवायचे आणि परत तिच्याकडे वळायचे. सिल्लोड ओलांडल्यावर मी बोलायचं सोडून दिलं.

न कळणारी भाषा कानावर पडत राहिली की माणूस काय काय ऐकतो! फुलंब्रीच्या अलीकडे मला तिच्या बोलण्यात 'ओफुरो' हा शब्द ऐकू आला होता. माझ्या दहा-बारा शब्दांच्या भांडवलात तो एक होता: आंघोळ. जपानी माणसाला संध्याकाळी कढत पाण्याने आंघोळ लागते आणि आमचा बॉयलर सकाळी सहा ते नऊच चालायचा. आमच्या हॉटेलची ही सगळ्यात दुबळी बाजू. मी ती सहा वर्षं दस्तूरांपासूनसुद्धा लपवली होती. मोरितांनी पिशवीतून वही काढली आणि काहीतरी लिहून घेतलं.

लेण्यांत पाऊस नुकताच ओसरल्याची ओल होती. पायऱ्यांवर शेवाळ. मी मुद्दाम पुढे चालत राहिलो. त्या दोघांच्या मागून, सामानवाल्यासारखं, चालायची माझी तयारी नव्हती. प्रत्येक लेण्याच्या तोंडाशी मी थांबायचो, शतकं सांगायचो, राजांची नावं सांगायचो. अजिंठा मला तोंडपाठ होता. मोरिता ऐकून घ्यायचे.

सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. बुद्ध उजव्या कुशीवर निजलेले, खाली रडणारे शिष्य. मी मूर्तीची लांबी सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मोरिता खाली बसले, हात जोडले आणि कसलंसं सूत्र पुटपुटू लागले. यशोधरा त्यांच्याशेजारी बसली. तिलाही ते पाठ होतं. दोघांचा आवाज एकात एक मिसळून त्या दगडी पोकळीत घुमत राहिला. मी खांबाला टेकून उभा होतो. शंभर वेळा मी या लेण्यात आलो असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला तिथे परक्यासारखं वाटलं.

परतताना गाडीत मोरितांनी तिला काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. मोरितांनी समोर माझ्या पाठीकडे, आरशातून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. तीही हसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. हे माझ्यावरच हसले याबद्दल मला तिळभर शंका उरली नाही.

मोरिता गेले. पंधरा दिवसांनी दस्तूरांचा फोन आला: सातकर्णीचं नाव पक्कं, वर्षाला तीस ग्रुप. अटी दोन, ग्रुप असेल त्या दिवशी संध्याकाळी दोन तास बॉयलर चालू ठेवायचा आणि म्हाताऱ्या माणसांना तळमजल्याच्या खोल्या द्यायच्या. शेठजींनी स्टाफला पेढे वाटले, मला केबिनमध्ये बोलावून पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, त्या खंदारे मुलीलाही बोलवा, दस्तूर सांगत होते की तिने आपली अडचण आधीच सांगून टाकली म्हणून त्या जपान्याचा विश्वास बसला. ती आली. शेठजींनी तिलाही तसाच पेढा दिला. माझ्या हातातला पेढा मी तसाच धरून ठेवला होता, तो मऊ होऊन बोटांना चिकटला.

नोव्हेंबरच्या शेवटी टोकियोहून फॅक्स आला. फॅक्सचं यंत्र माझ्या केबिनमध्ये होतं, तेव्हा तो पहिल्यांदा मीच वाचला. जानेवारीत कंपनी टोकियो, ओसाका आणि सेंदाई या तीन शहरांत आपल्या दुकानदार एजंटांच्या सभा घेणार होती. पुस्तकातल्या सहली गिऱ्हाइकाला समजावून विकायच्या तर आधी त्या एजंटांना समजायला हव्यात. अजिंठा समजावून सांगायला आमच्या हॉटेलातून एक जण यावा, दहा दिवस, सगळा खर्च कंपनीचा. खाली लिहिलं होतं: कृपया कुमारी खंदारे यांना पाठवावे.

मी ते तीन वेळा वाचलं.

मी घरी आधीच सांगून बसलो होतो. पुस्तकात नाव आलं की टोकियोला बोलावतात, असं दस्तूर एकदा बोलता बोलता म्हणाले होते. त्या जोरावर मी पासपोर्ट काढला होता, गुलमंडीच्या शिंप्याकडून राखाडी सूट शिवून घेतला होता. बायकोने तो कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत लटकावून ठेवला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होती.

दोन दिवस तो कागद माझ्या खणात होता. समोरच्या काउंटरवर यशोधरा काम करताना काचेतून दिसायची. सुटीचा अर्ज घेऊन ती एकदा आत आली, कसल्याशा परीक्षेसाठी एक दिवस हवा होता. मी सही केली. तो फॅक्स तिच्यापासून दीड हातावर होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी इंग्रजीत उत्तर टाइप केलं. कुमारी खंदारे यांची आई गंभीर आजारी असल्याने त्यांना येणे शक्य नाही, याचा त्यांना स्वतःला फार खेद वाटतो. त्यांच्याऐवजी सेल्स मॅनेजर श्री. पांगरकर येऊ शकतील, अजिंठ्याचा त्यांचा अभ्यास दांडगा आहे.

आईच का सुचली, सांगता येत नाही. दुसऱ्या कारणावर कोणी पुन्हा आग्रह केला असता. आईच्या आजारपणापुढे कोणी बोलत नाही, एवढं मला माहीत होतं.

चार दिवसांनी उत्तर आलं. ऐकून फार वाईट वाटलं. श्री. पांगरकर यांचे आभार, पण आमच्या एजंटांना जपानीखेरीज भाषा येत नाही, तेव्हा आम्ही या वेळी चित्रफितीवर भागवू. मातोश्रींना आराम पडो. मी दोन्ही कागद फाडले. मला वाईट वाटलं ते माझं जाणं राहिलं याचं. आणि तिचंही राहिलं, याचं समाधान त्याहून मोठं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही. त्या दिवशी मी नीट जेवलो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन एक पार्सल घेऊन आला. वीतभर खोका, टोकियोचे शिक्के, वर तिचं नाव. सकाळचे अकरा वाजले असतील. तिने काउंटरवरच ते उघडलं. आत रेशमी कापडाची एक लहानशी थैली होती, देवळातल्या प्रसादाची असते तशी, आणि हाताने लिहिलेलं दोन पानी पत्र. मी काचेच्या आतून बघत होतो. मला जपानीचं अक्षर वाचता येत नव्हतं, पण त्या पत्रात काय होतं ते तिच्या आधी मला कळलं.

तिने पत्र वाचलं. परत पहिल्या पानापासून वाचलं. एक पाहुणा किल्ली मागायला आला, त्याला किल्ली दिली. मग पत्र घडी करून खोक्यात ठेवलं आणि ती कामाला लागली. एक वाजला, दोन वाजले. ती आत आली नाही. एवढा वेळ मी एकही कागद हातात धरू शकलो नाही.

तीन वाजता ड्यूटी संपल्यावर ती खोका घेऊन आत आली. बसायला मी सांगितलं नाही, तरी बसली.

"साहेब, मोरितासानचं पत्र आलंय," ती म्हणाली. "तुम्हाला वाचता येणार नाही, मी सांगते."

आणि तिने एकेका ओळीवर बोट ठेवत मराठीत सांगितलं. तुझ्या आईच्या आजारपणाचं कळल्यापासून मनाला चैन नाही. माझी आई गेली तेव्हा मी कामासाठी परगावी होतो, म्हणून तू आईजवळ थांबलीस हे फार योग्य केलंस. सभा काय, दर वर्षी होतात. आमच्या गावच्या मंदिरात मी तुझ्या आईसाठी पाठ करवला आहे. तिथली ही थैली तिच्या उशाशी ठेव.

वाचून झाल्यावर तिने पत्र टेबलावर ठेवलं.

"मला बोलावलं होतं, हे मला यातून कळलं," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला लागलो, ऑफिसची अडचण, सीझनचे दिवस. तिने ऐकून घेतलं.

"साहेब, माझी आई मी अकरा वर्षांची असताना गेली. घाटीत, सरकारी दवाखान्यात. तुम्ही माझी मुलाखत घेतली तेव्हा फॉर्मवर लिहिलं होतं मी."

माफी मागायची ती वेळ होती. शब्द तोंडात आलेही होते. पण मी विचारलं ते भलतंच. तीन महिने ते माझ्या आत कुरतडत होतं.

"अजिंठ्याहून येताना गाडीत तुम्ही दोघं माझ्याकडे बघून हसलात. काय सांगितलंस तू त्यांना?"

तिला आठवायला वेळ लागला.

"त्यांनी विचारलं, तुमचे मॅनेजर सारखे पुढे पुढे का चालतात? मी म्हटलं, पायऱ्या ओल्या आहेत ना, आपण घसरू म्हणून ते आधी स्वतः पाय ठेवून बघतात. मोरितासान म्हणाले, माझे वडील असेच चालायचे आणि दर वेळी तेच पडायचे. म्हणून हसलो."

मी टेबलावरचं पत्र घडी करून तिच्याकडे सरकवलं.

"आता शेठजींना सांगशील?"

"सांगून काय होणार? तुमची नोकरी जाईल. मला टोकियोला कोणी नेणार नाही." तिने थैली उचलून पर्समध्ये ठेवली. "पण त्यांना उत्तर तर लिहायला हवं. म्हाताऱ्या माणसाने पाठ करवलाय. आई नव्हतीच म्हणून कळवलं तर त्यांना वाटेल, आपण कुणासाठी हात जोडले?"

"मग काय लिहिणार?"

"आई आता शांत आहे, असं लिहीन. ते खोटं नाही."

ती उठली. दाराशी थांबून म्हणाली की महिनाअखेरीस ती नोकरी सोडेल, शेठजींना घरगुती कारण सांगेल. दुसरीकडे बघायला तिला तेवढे दिवस लागतील, तोवर साहेबांनी सांभाळून घ्यावं. सांभाळून घ्यावं, असं ती मला म्हणाली.

ती फेब्रुवारीपासून यायची बंद झाली. एप्रिलमध्ये टोकियोहून छापील पुस्तकाच्या दोन प्रती आल्या. शेठजींनी मला विचारलं, आपलं नाव कुठे आहे दाखवा. पानभर अक्षरं होती, त्यात आमचं नाव कुठलं हे सांगणारं हॉटेलात कोणी नव्हतं. मी अंदाजाने एका ओळीवर बोट ठेवलं. शेठजींनी ती ओळ लाल पेनने अधोरेखित केली आणि तो कागद फ्रेम करून रिसेप्शनवर लावला. ती ओळ आमचीच होती की नाही, मला अजून माहीत नाही.

यशोधरा मुंबईला दस्तूरांकडे लागली, हे मला जूनमध्ये त्यांच्या ऑफिसात गेल्यावर समजलं. जपानी ग्रुपचं सगळं काम तिच्या टेबलावर. पुढच्या जानेवारीत ती टोकियोला जाऊन आली, ओसाकाला आणि सेंदाईलाही. दस्तूरांनी मला फोटो दाखवला: मोठा हॉल, खुर्च्यांवर दीड-दोनशे एजंट, आणि मंचावर ती, निळ्या साडीत, मागे पडद्यावर सव्विसाव्या लेण्यातले बुद्ध. फोटो छान आहे, असं मी म्हणालो. परतीच्या प्रवासात मनमाडपर्यंत मी त्या फोटोत चुका शोधत होतो. साडीचा रंग, उभं राहायची ढब, काय वाटेल ते.

ती मनात आणती तर आमचे ग्रुप दुसऱ्या हॉटेलला वळवू शकली असती. तिने तसं केलं नाही. तिसाचे पन्नास झाले. प्रत्येक ग्रुपच्या यादीखाली तिच्या अक्षरात सूचना असायच्या: या बाईंचा गुडघा दुखतो, यांना मासे चालत नाहीत, या दोघी बहिणी आहेत, शेजारच्या खोल्या द्या. दर वर्षी नवे दर घेऊन मी तिच्यासमोर बसायचो. ती चहा मागवायची, दर बघायची, रास्त असले तर मान्य करायची. जुना विषय तिने कधी काढला नाही. मी काढू शकलो असतो. प्रत्येक वेळी वाटायचं, आधी तिने काढावा. तिच्या चांगुलपणाचाही मला मत्सर वाटायचा. तिने एकदा तरी माझं काम अडवलं असतं, तर माझं ओझं थोडं हलकं झालं असतं.

मी दोन हजार नऊ साली निवृत्त झालो. शेठजी तोवर थकले होते, हॉटेल त्यांची सून बघत होती. निरोपाचा कार्यक्रम डायनिंग हॉलमध्ये झाला. एकापाठोपाठ एक सगळे तेच बोलले: पांगरकर साहेबांनी जपानी ग्रुप आणले, त्यावर हे हॉटेल उभं राहिलं. मुंबईच्या ऑफिसकडून शुभेच्छांचं पत्र आलं होतं, त्यावर यशोधराची सही होती. तेही वाचून दाखवलं गेलं.

मी उत्तराला उभा राहिलो. आदल्या दिवशी ठरवून आलो होतो. म्हणालो, हे ग्रुप मी आणले नाहीत. ते यशोधरा खंदारे यांनी आणले. त्यांच्या वाटेत मी आडवा आलो होतो, त्यांना मिळालेलं मी त्यांच्या हाती पडू दिलं नाही. तरीही त्यांनी आपल्याला ग्रुप दिले.

मी एवढंच बोललो. पुढचं, आईचं, सांगायचं होतं, पण तिथेच मी थांबलो. मग पुढच्या ओळीतून टाळ्या सुरू झाल्या आणि मागपर्यंत गेल्या. लोक उभे राहिले. शेठजींच्या सूनबाई माझ्याजवळ आल्या, त्यांचे डोळे भरले होते.

"इतक्या वर्षांचं श्रेय असं एका ज्युनिअर मुलीला देऊन टाकायला मन मोठं लागतं, साहेब," त्या म्हणाल्या. "आजकाल कोण करतं असं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांना थांबवून सांगता आलं असतं. माझी बायको पहिल्या रांगेत बसली होती, तिच्या चेहऱ्यावर मी कित्येक वर्षांत न पाहिलेला अभिमान होता.

मी हात जोडले आणि खाली बसलो.